न्यूट्रलमधले काका

"ती काही बोलत नाही, म्हणजे तिला आवडतंय," काका आत काकूंना सांगत होते. मी त्यांच्या दारात बूट घालत उभी होते. रोज तुमच्याबरोबर येणाऱ्या त्या मुलीला तुमच्या ड्रायव्हिंगची भीती वाटत नाही का, असं काकूंनी विचारलं असावं. मला इतकी वाटायची की अमेरिकेतल्या त्या अख्ख्या नोव्हाय गावात सकाळी आठ वाजता माझ्याइतकं मनापासून रामरक्षा म्हणणारं कुणी नसेल. पण काकांइतका मायाळू माणूसही त्या गावात दुसरा नव्हता, आणि माझी पंचाईत तिथेच होती.

काका आमच्या कॉम्प्लेक्समध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे साताऱ्याचे, गाड्यांच्या सीटा डिझाइन करणारे इंजिनियर. मी नोकरीसाठी पुण्याहून आले, ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झाले, आणि काकांनी मला न विचारताच रोज ऑफिसला सोडायला सुरुवात केली. तिकडे बस जात नव्हती. ते नसते तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. मी रोज 'थँक्यू काका' म्हणायचे, त्यावर ते म्हणायचे, "कॉन्व्हेंटच्या मुलींना दुसरं काही शिकवत नाहीत का गं?" खरंच नव्हतं शिकवलं. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं, हे तर मुळीच नाही.

त्यांची गाडी म्हणजे दोन माणसांसाठी आठ सीटा. इतकी उंच, की काकूंना चढायला एक लाकडी पाट कायम गाडीत असे. एकदा तो देवळाच्या पार्किंगमध्येच राहिला. आम्ही परत गेलो, तर त्यावर कुणाचा तरी लहान मुलगा प्रसादाचा शिरा खात बसला होता. काका त्याचा शिरा संपेपर्यंत बाजूला उभे राहिले, मग पाट पुसून घेतला. एवढी मोठी गाडी कशाला, असं कुणी विचारलं की ते हसण्यावारी न्यायचे. काकूंनी मला खरं कारण सांगितलं. आधीची छोटी गाडी बर्फावरून घसरली, काकूंच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात काकांनी ही आणली. दवाखान्यात त्या शुद्धीवर येईपर्यंत काका म्हणे हातात त्यांची चप्पल धरून बसले होते.

पण गाडी अमेरिकन असली तरी तिचं पेट्रोल पिणं काकांमधल्या सातारकराला सोसत नसे. तिकडे सगळे गॅस म्हणत. काका पेट्रोलच म्हणत, आणि पार्टीत अनोळखी माणसाला नावाआधी त्याची गाडी काय अ‍ॅव्हरेज देते ते विचारत. स्वतःच्या गाडीचं मात्र सांगत नसत. भर उन्हाळ्यात एसी बंद. फ्रीवेवर वारा अडावा म्हणून एखाद्या ट्रकच्या मागे इतके चिकटून चालवत, की मला त्याच्या दारावरचे गंजाचे डागसुद्धा पाठ झाले होते. आणि उतार दिसला की त्यांचा चेहरा उजळे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, किल्ली एक घर मागे फिरवायची, इंजिन बंद. "खंबाटकी घाट असाच उतरलोय, स्कूटरवर," ते समाधानाने म्हणत. स्कूटरवर तेव्हा काकू मागे बसलेल्या असत आणि स्कूटर दोन माणसांना उचलता येई, हे माझ्या मनात यायचं. मी खिडकीबाहेर बघायचे.

काका आता साताऱ्याला परत गेलेत. फोनवर अजून माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारतात. एका सकाळबद्दल मात्र आम्ही दोघं पुन्हा कधीच बोललो नाही.

त्या सकाळी पुलावरून उतरताना त्यांनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं. खालचा सिग्नल लाल झाला. पुढे एक छोटी गाडी थांबली होती. काकांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. इंजिन बंद असल्यामुळे तो दगडासारखा कडक झाला होता. स्टिअरिंगही वळेना. त्या गाडीचा टप मोठा मोठा होत गेला. काका सीटवरून अर्धे उठून ब्रेकवर उभे राहिले, आणि आम्ही वीतभर अंतरावर थांबलो.

आमचा बंपर त्या गाडीच्या मागच्या काचेच्या उंचीला होता. काचेतून एक वर्षभराचं बाळ दिसत होतं. तिकडे लहान बाळांना मागे तोंड करून बसवतात, म्हणून ते थेट आमच्याकडेच बघत होतं. त्याच्या एका पायातला मोजा निघाला होता आणि तो पाय ते हातात धरून खेळत होतं. पुढे बसलेल्या आईला काहीच कळलं नव्हतं.

काकांचा उजवा हात माझ्यासमोर आडवा होता. ब्रेक दाबताना तो कधी पुढे आला, हे त्यांनाही ठाऊक नसावं. सिग्नल हिरवा झाला, ती गाडी निघून गेली, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी त्यांनी हात काढला नाही.

"घाबरू नकोस बेटा," ते म्हणाले. "धडक बसली असती तरी तुला काही झालं नसतं."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मला नसतं झालं, काका," मी म्हणाले. "त्या बाळाला झालं असतं."