सेतुमास्तरांनी दाबून धरलेली जखम

सेतुमास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात बाकीचे सगळे स्तुतीच करणार आहेत, म्हणून मी आधी एक तक्रार नोंदवतो. मद्रासेत काफी प्यायला दोन हात लागतात. एका हातात टंबलर, दुसऱ्यात डवरा, आणि या भांड्यातून त्या भांड्यात ओतत ती निववायची. ज्या माणसाचा एक हात गळ्यात बांधून ठेवलेला आहे, त्याच्यापुढे वाफाळती काफी ठेवणे हा आदरातिथ्याचा कोणता प्रकार, हे मला अजून उमगलेले नाही.

सेतुमाधवरावांची आणि माझी पहिली भेट अशी झाली. मी पुण्याहून कचेरीच्या बदलीवर नवा आलो होतो आणि भाड्याची जागा शोधत होतो. "तिरुवल्लिक्केणीत सेतुमास्तरांना भेटा, मराठी माणसांना तेच जागा मिळवून देतात," असे कोणीतरी सांगितले. गेलो तेव्हा पडवीत त्यांचा शनिवारचा प्रथमोपचाराचा वर्ग भरला होता आणि ठरलेला रुग्ण आला नव्हता. मास्तरांनी माझे नाव विचारले, गाव विचारले, आणि हे विचारता विचारता माझा उजवा हात झोळीत अडकवून मोकळे झाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई काफी घेऊन आल्या. मी उजवा हात सोडवू लागलो.

"अं हं," मास्तर म्हणाले. "तो मोडलाय."

"अहो, पण काफी?"

"हाड जुळेपर्यंत डाव्या हातानं प्या."

जागा मिळाली, जीभ भाजली, आणि स्नेह जडला.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवीत. तेथील त्यांच्या कामाविषयी इतर लिहितीलच. मला सांगायचे आहे ते या पडवीतल्या वर्गाविषयी. तो त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून काढला नव्हता आणि कोणी नावे ठेवली म्हणून बंदही केला नाही. नावे ठेवणारे पुष्कळ होते. आपल्या मंडळींत कापले-बिपले की जखमेत काफीची पूड भरायची पद्धत आहे, आणि मास्तर त्या पद्धतीचे हाडवैरी. "काफी प्यायची असते," एवढेच ते म्हणत. मग स्वच्छ कापडाची घडी करून ती जखमेवर दाबून दाखवीत. "असं. आणि असंच. उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. धरून ठेवलेलं रक्त आपण बघायला गेलो की पुन्हा सुटतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते की मला ते पाठ झाले होते. पाठ असणे वेगळे आणि समजणे वेगळे, हे कळायला नवरात्र यावे लागले.

आमच्या घरमालकीण भागीरथीअक्का तंजावरच्या जुन्या घराण्यातल्या. नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडत आणि रोज संध्याकाळी हळदीकुंकवाला अर्धी गल्ली लोटत असे. त्यातल्याच एका दिवशी भिंतीवरचे काचेच्या चौकटीतले कृष्णाचे चित्र खाली घेताना दोरी तुटली. चौकट माझ्या पत्नीच्या, शारदेच्या, हातावर आली आणि मनगटाच्या वर खोल कापले. रक्त ओघळत नव्हते, उसळत होते. मी दारात होतो. तिथेच उभा राहिलो.

मास्तर शेजारच्याच घरात होते. आरडाओरडा ऐकून आले. सणाचे म्हणून त्यांच्या खांद्यावर जरीकाठी कोरे उपरणे होते. त्यांनी शारदेला जमिनीवर निजवले, आत काच रुतली आहे का हे एकदा पाहून घेतले, उपरण्याची घडी करून जखमेवर ठेवली आणि तळव्याने दाबली. दुसऱ्या हाताने तिचा हात वर उचलून धरला.

"अय्यो, काफीची पूड आणते!" अक्का म्हणाल्या.

"आणा, पण डिकॉक्शन करा. नंतर घेऊ. आता घोडागाडी बोलवा."

उपरणे भिजले. मास्तरांनी अक्कांच्या तबकातला खण मागितला.

"तो मुन्सफीणबाईंसाठी काढून ठेवलाय!"

"त्यांना दुसरा द्या."

खण उपरण्यावर बसला. इतक्यात मुन्सफीणबाईंचे यजमान, निवृत्त मुन्सफ, स्वतःच आत आले. गल्लीतले सर्वांत वडील माणूस. ते येताच आमच्या घरंदाज बाईसाहेब, ओठ पांढरे पडलेल्या अवस्थेत, उठून बसू लागल्या. अहो, वडील माणसे आल्यावर पडून कसे राहायचे!

"झोपा," मास्तर म्हणाले.

"किती लागलंय? दाखवा पाहू," मुन्सफ म्हणाले. अक्का लगेच वाकल्या आणि कापडाचे टोक उचलू लागल्या. आमच्या गल्लीत वडीलधाऱ्यांनी 'दाखवा' म्हटल्यावर न दाखवणे हा अपमान. मुलीच्या पत्रिकेपासून गळवापर्यंत सगळे दाखवले जाते.

"अक्का, हात मागे घ्या."

"अरे, मोठे आलेत! पाहू दे की त्यांना!"

"मास्तर, मी काय परका आहे?" मुन्सफांचा आवाज चढला.

"परके असता तरी दाखवलं नसतं, साहेब. रागावा. पण उद्या रागावा."

 त्यावर सर्वांत मूर्ख प्रश्न मी विचारला, "थांबलं का हो? बघू या का जरा?"

"गोविंदराव," मास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला बघायचं आहे की त्या हव्या आहेत?"

मी गाडी आली का ते बघायला गेलो.

गाडीतही मास्तरांनी तळवा हलवला नाही. खड्डा आला की तिघेही उडायचो, तळवा तिथेच. इस्पितळात डॉक्टर आले तेव्हा मास्तरांनी विचारले, "काढू का हात?" डॉक्टर म्हणाले, "मी सांगेपर्यंत नको." सांगितल्यावर मास्तरांची बोटे सरळच होईनात. मी ती एकेक करून उलगडली. "रस्त्यात कोणी उचलून पाहिलं असतं तर मला शिवायला माणूसच उरलं नसतं," असे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मास्तरांनी विचारले, "तुम्हालाही निजवू का?"

मुन्सफ संक्रांतीच्या पोंगलपर्यंत मास्तरांशी बोलले नाहीत. मास्तरांनी खुलासा केला नाही, पण रोज त्यांना नमस्कार मात्र केला. रुक्मिणीबाईंकडून आमच्याकडे दोन्ही वेळचा सार-भात येत राहिला. मास्तर रोज येत, मी जेवलो का ते विचारीत, शारदेला बोटे हलवायला लावीत. पट्टी सुटल्यावर जखम पाहायला सगळी गल्ली येऊन गेली. मास्तरांनी ती कधीच पाहायला मागितली नाही. आज शारदा त्याच हाताने दारात कोलमची रांगोळी काढते, आणि शनिवारी पडवीत बसून नव्या मुलींना दरडावते, "उचलू नको!"

मास्तरांत दोष आहेत. ते भसाड्या आवाजात पदे म्हणतात आणि पाहुण्यांना विचारल्याशिवाय आडवे करतात. षष्ट्यब्दीच्या मांडवात प्रथेप्रमाणे रुक्मिणीबाईंशी त्यांचे पुन्हा लग्न लागेल, तेव्हा कोणी ठेचकाळला तर मंगलाष्टके थांबतील, हे भटजींनी धरून चालावे. शालजोडी नको, असे त्यांनी गौरव समितीला बजावले आहे. त्यांना प्रकृती चांगली लाभो, तळव्यातला जोर टिको, आणि शंभरी उलटल्यावरही पडवीतून त्यांचा 'अं हं' ऐकू येवो.

परवा या ग्रंथासाठी त्यांचे छायाचित्र मागायला गेलो होतो. ते आत चष्मा शोधत होते. पडवीत वर्गाच्या कापडांची पेटी उघडी होती. इस्पितळात गेलेले ते उपरणे परत आले नव्हते. शारदेने तसेच जरीकाठी आणून, धुऊन, उन्हात वाळवून माझ्याकडे दिले होते. मी ते पिशवीतून काढून इतर घड्यांच्या खाली सारले आणि पेटीचे झाकण लावले. मास्तर बाहेर आले तेव्हा मी फळ्यावरचे चित्र पाहत उभा होतो.