चार शिट्ट्या

मिस्त्री आठवडाभर कारखान्यात पत्र्याचे डबे ठोकायचे आणि रविवारी घरी वाटाण्याची डाळ करायचे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या डाळीला त्यांनी बायकोला हात लावू दिला नव्हता. पिवळी डाळ भिजवायची आणि कुकरला चार शिट्ट्या करायच्या. तीनला दाणा दाताखाली येतो, पाचला लापशी होते. वर मोहरी, जिरं, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. काम एवढंसं, पण तोरा असा की जणू शंभर माणसं जेवायला यायची आहेत.

गेल्या वर्षी शिट्ट्यांनी दगा दिला. तीस वर्षांच्या ठोकाठोकीने कान गेले, आणि आधी गेले ते शिट्टीसारखे तीक्ष्ण आवाज. एका रविवारी डाळीची लापशी झाली, पुढच्या रविवारी दाणे टणक राहिले. नाचता येईना, अंगण वाकडं! मिस्त्री तडक वाण्याकडे गेले आणि जुनी डाळ खपवतोस म्हणून त्याला चारचौघांत झाडून आले. मग कुकरच माळ्यावर टाकला. "कुकरातल्या डाळीला जीव नसतो," असं जाहीर करून ते उघड्या पातेल्यात डाळ शिजवू लागले. जेवायला अडीच वाजायचे. बायको अडीचलाच पानं वाढायची. मिस्त्रींना वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

बहिरेपणाची त्यांना एवढी भीती नव्हती. भीती होती ती कोपऱ्याची. त्यांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. विचारलं एक की सांगायचे भलतंच, आणि घर खो खो हसायचं. सगळ्यांत मोठ्याने मिस्त्रीच हसायचे. पुढे म्हातारा कोपरा धरून गप्प बसू लागला. ते आपलं हसणं आता मिस्त्रींना फार छळायचं.

परगावी नोकरी करणारी लेक सुट्टीला आली होती; एका रविवारी संध्याकाळी ती परत जायची होती. सकाळीच कामावरून फोन आला आणि तिला बाराची बस धरणं भाग पडलं. ती समोर येऊन म्हणाली, "बाबा, डाळ डब्यात द्याल ना?"

पातेल्याला वेळच नव्हता. बायकोने माळ्यावरचा कुकर काढला, धुतला आणि ओट्यावर ठेवला.

मिस्त्रींनी कुकर लावला आणि डोळे शिट्टीवर खिळवले. पहिली उचललेली दिसली. दुसरीही दिसली. मग चष्म्यावर वाफ धरली, तो पुसेपर्यंत शिट्टी खाली बसलेली. मधे एक झाली की नाही? डब्यात लापशी गेली तर लेक विचारणार, आणि मग सगळंच बाहेर येणार.

चष्मा चढवून त्यांनी वर पाहिलं. ओट्याच्या त्या टोकाला बायको लसूण सोलत उभी होती. तिने हात वर केला. तीन बोटं. थोड्या वेळाने चौथं.

मिस्त्रींनी गॅस बंद केला. कारखान्यात, मशिनच्या दणदणाटात, सगळे असेच बोटांनी बोलत. घरात कोणी आपल्याशी असं बोलेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ती समोर आली. सावकाश म्हणाली, "वाण्याशी भांडून आलात ना, तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन त्याची समजूत काढली."

मग मिस्त्रींना एकेक आठवू लागलं. वर्षभर ती आधी खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची. आतल्या खोलीतून हाक मारणं तिने सोडलं होतं. लेकसुद्धा आज समोर येऊन बोलली होती. आणि एकदाही कोणी हसलं नव्हतं. ते फोडणी करत होते तेव्हा मोहरी तडतडायची थांबली, हे बायकोने खांद्यावर बोट टेकवून सांगितलं.

डबा भरला. दारात चपला घालता घालता लेक पाठमोरी काहीतरी बोलली. एरवी मिस्त्री "हो, हो" म्हणून मोकळे झाले असते. आज ते दारापर्यंत गेले.

"ऐकू नाही आलं गं," ते म्हणाले. "परत सांग."