निळा डबा आणि डांग्या खोकला

लसीकरणात एकवीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नाहीत. मी सिस्टर. आधी अर्धापूरकडे होते, मध्ये काही वर्षं लातूर शहरात, आता हदगाव तालुक्यात. लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून गावात जायचं आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या बाळांना पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस द्यायची. डांग्या खोकला त्यानंच आटोक्यात राहतो. पुढं दीड वर्षाला आणि पाच वर्षाला बूस्टर. टोचायला दोन मिनिटं लागतात, बाकी दिवस बोलण्यात जातो.

* * *

अर्धापूरला व्यंकटराव म्हणून केळीवाले होते. नातवाचे दोन डोस झाले, तिसऱ्याला घरचं कुणी आलंच नाही. मी मळ्यात गेले. व्यंकटराव केळीच्या रोपांच्या बुडाशी औषध ओतत आळवणी करत होते.

"सिस्टर, दोन झाले की. तिसरा राहिला तर काय बिघडतंय?"

मी विचारलं, "ही आळवणी कितवी?"

"तिसरी."

"दोन झाल्यात ना. राहू द्या की मग."

ते आळवणी करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राचं कुलूप काढायच्या आत नातवाला घेऊन पायरीवर बसले होते. म्हणाले, "शाळा शिकवायलीस मला."

* * *

पेंटानंतर एखाददुसरा दिवस ताप येऊ शकतो, हे आम्ही प्रत्येक आईला सांगतो. न सांगता परत आलो तर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

एकदा एक बाप चिडून आला. मला वाटलं, बाळाला जास्त ताप दिसतोय. मी थर्मामीटर काढला.

"ताप न्हाई हो," तो म्हणाला. "तेच तर इचारायलो. शेजारच्या लेकराला दोन दिवस ताप व्हता. आमच्याला कायबी न्हाई. औषध कमी भरलं का?"

कुणाला ताप येतो, कुणाला येत नाही, लस दोघांनाही लागू पडते, हे अर्धा तास समजावलं. जाताना म्हणाला, "पुढच्या बारीला जरा भरून द्या."

* * *

लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा, हेही आम्ही सांगतो. एका बाईनं ते मनावर घेतलं. तालुक्याला जाऊन कार्ड लॅमिनेट करून आणलं. चकचकीत. फक्त पहिल्या डोसची तारीख भरलेली, पुढचे सगळे रकाने रिकामे.

"आता पुढचं कुठं लिहू?" मी विचारलं.

"वरून लिहा की, मॅडम."

मी वरून पेनानं तारीख लिहिली. तिनं पदरानं पुसून मला दाखवलं.

"बगा, खराबच होत न्हाई."

* * *

लातूरचा एक किस्सा मी सहसा सांगत नाही. एक कुटुंब मोठ्या मुलीच्या क्लाससाठी गाव सोडून शहरात आलं होतं. धाकटी पाच वर्षांची, तिचा बूस्टर या धावपळीत राहून गेला. तिला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी बरा होईना. त्यातच तिची मावशी महिन्याच्या बाळाला घेऊन राहायला आली. एवढ्या लहान बाळाला लस द्यायचं वयच झालेलं नसतं. तिचा डांग्या खोकला त्याला लागला; धड खोकताही येईना, फक्त श्वास थांबायचा आणि ओठ निळे पडायचे. पंधरा दिवस दवाखान्यात होतं. वाचलं.

धाकटीची आई मला म्हणाली, "मोठीच्या टेस्टच्या सगळ्या तारखा पाठ व्हत्या, सिस्टर. हिची एकच तारीख व्हती."

* * *

हदगावकडच्या एका घरात मी चार वेळा जाऊन परत आले होते. सासू नको म्हणायची, त्यामुळे सूनही नको म्हणायची. मुलगी अडीच महिन्यांची झाली तरी एकही डोस नाही.

पाचव्या वेळी मी सुनेला मोबाईलवर एक आवाज ऐकवला. ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी दिला होता, डांग्या खोकला झालेल्या बाळाचा. आधी खोकल्याची लांबलचक उबळ, मग श्वास ओढताना 'हूप' असा आवाज.

सून म्हणाली, "हे काय वाजायलंय?" तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

आत सासूबाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. त्या पिठाच्या हातानं तशाच बाहेर आल्या.

"कुणाचं लेकरू हाय?"

"नुसता आवाज आहे, आजी. मोबाईलमधला."

"बंद कर."

मी बंद केला. त्यांनी लुगड्याला हात पुसले, सुनेच्या मांडीवरून नातीला उचललं आणि माझ्यासमोर खाली बसल्या. नातीची डावी मांडी स्वतः उघडी केली, पाय घट्ट धरला.

"टोच."

मी टोचलं. पोरगी मोठ्यानं रडली. सासूबाईंनी तिला खांद्याशी धरलं.

सुनेनं हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमाला कसं कळलं ते लेकराचं हाय म्हणून?"

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "पुढची तारीख सांग. मी आणते."