वडखळला अडकलेलं रक्त

चंद्रावतीबाईंनी पेणच्या रामवाडीत तेहेतीस वर्षं अंगणवाडी चालवली. मूल काट्यावर चढवल्याशिवाय त्याचं वजन लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट; त्यापायी दोन सुपरवायझरांशी वाकडं आलं. निवृत्तीनंतर त्या रोह्याला धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या आणि समोरच्या हॉस्पिटलातून त्यांना अधूनमधून बोलावणं येऊ लागलं. तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. नातेवाइकाला वाचता येत नसेल, तर त्याला संमतीपत्र नीट समजावलं की नाही हे पाहायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तो ना हॉस्पिटलचा हवा, ना पेशंटचा.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांना घाईने बोलावलं. गुणाजी नावाचा पन्नाशीचा शेतकरी बांधावरचं गवत मशीनने कापत होता. पातं दगडावर आपटून मोडलं आणि तुकडा मांडीत घुसला. डॉक्टरांनी शीर बांधली, रक्त थांबलं, पण अंगात उरलं होतं फार थोडं. त्याच्या गटाच्या होत्या त्या दोन्ही पिशव्या चढवून झाल्या होत्या. पुढच्या पिशव्या घेऊन पनवेलहून निघालेली गाडी वडखळला चाकरमान्यांच्या गर्दीत अडकली होती. तासभर ती जागची हलली नव्हती.

डॉक्टर भराभर सांगत होते. रक्त कमी पडलं की ऑक्सिजन पोचत नाही, मग मूत्रपिंडं, आतडी, मेंदू एकेक करून निकामी होतात. लघवीच्या पिशवीत तीन तासांत थेंब नाही. हे औषध म्हणजे रक्त नव्हे, पण रक्त येईपर्यंत ऑक्सिजन वाहून नेईल, गट जुळवावा लागणार नाही. रक्तदाब चढू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो, कदाचित उपयोगही होणार नाही. गुणाजीची बायको गिरजाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. हे सगळं कॅमेऱ्यात नोंदलं जात होतं.

संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर डॉक्टर म्हणाले, "हे प्राण्याच्या रक्तापासून शुद्ध करून बनवलंय," आणि पान उलटलं.

चंद्रावतीबाईंच्या हातातल्या प्रतीत गाय असं लिहिलं होतं.

जुलैत याच शब्दावर एका घराने आपला माणूस उचलून मुंबईला नेला होता. तो वाटेत नागोठण्यालाच दगावला.

आतून नर्सने दार उघडलं आणि डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. गिरजाबाईने अंगठा शाईवर टेकवला. बाई गप्प राहिल्या असत्या तर पुढच्या मिनिटाला औषध सुरू झालं असतं. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब गो. प्राणी म्हणजे गाय. गाईच्या रक्ताचं हाय."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

गुणाजीचा धाकटा भाऊ दाजी भिंतीपाशी उभा होता, तो पुढे आला. उद्या घरात गणपती बसायचा, आणि वहिनी असलं काही दादाच्या अंगात घालू देणार? दादा उठून तिलाच जाब विचारील. गाडी येतेच आहे, तासाभराने काय बिघडतं? काय बिघडतं ते डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं.

गिरजाबाईने एवढंच विचारलं, "जित्या गाईचं काढतात, का मारून?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही.

"मारलेल्या गाईचं," डॉक्टर म्हणाले. "परदेशात, कत्तलखान्यातून येतं."

तिचा निळा अंगठा हवेतच राहिला. गाडी कुठवर आली, असं तिने दाजीला विचारलं. त्याने फोन लावला, ऐकलं आणि "अजून वडखळलाच," म्हणत खिशात टाकला.

"पाप लागंल ते मला लागंल," ती त्याला म्हणाली. "तू घरी जा. मूर्ती आणायची हाय." आणि तिने कागदावर अंगठा उमटवला.

बाईंनी खाली सही केली. नर्सने औषध सुरू केलं.

साडेपाचला रक्त आलं. लघवीची पिशवी मात्र रिकामीच होती. गिरजाबाई रात्रभर दाराच्या काचेतून त्या पिशवीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी, बाहेर आरत्या चालू असताना, पिशवीच्या तळाशी बोटभर गढूळ लघवी जमली.

चौथ्या दिवशी बाईंना पुन्हा बोलावलं. पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला सगळं सांगून विचारावं लागतं. गुणाजीला वाचता येत होतं, पण अजून डोळ्यांपुढे अंधारी यायची. गिरजाबाईने बाईंना व्हरांड्यात गाठलं. गाईचं तेवढं सांगू नका, म्हणत ती पाया पडायला वाकली. बाईंनी तिला उठवलं आणि काहीच कबूल न करता त्या आत गेल्या.

या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं. गुणाजी छताकडे बघत ऐकत होता.

"आता काढता येतं का ते?"

डॉक्टर म्हणाले, ते आपोआप जातं, बरंचसं गेलंही असेल.

"मंग मला इचारता कशाला?"

तुमची माहिती चाचणीत ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. गुणाजीने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने बाईंना विचारलं, "अंगठा कोणी दिला?"

"गिरजाबाईने. मारलेल्या गाईचं हाय, हे ऐकून दिला."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टरांनी फाईल मिटली. बाई उठल्या नाहीत.

भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "कालपासनं ती डबा ठेवते नि पळते. मला वाटलं, पाय जातोय माजा, म्हणून बोलत नाय." मग बाईंकडे वळून म्हणाला, "सही मागनं करतो. आधी तिला आत बोलवा."

बाई दाराशी गेल्या. गिरजाबाई बाकावरून उठली, पण पाऊल टाकेना. बाईंनी दार धरून ठेवलं.