कपाटात सुरक्षित

नियमबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची नणंद चारचौघांत सांगायची. हे खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते बाकीच्यांच्या आधी बाईंना दिसायचं. जिन्यात ठेवलेली बादली, भिंतीला तिरपी टेकवलेली शिडी, चिठ्ठी न लावलेली बाटली. "कोणाचा तरी पाय मोडल्यावर उचलणार का ती बादली?" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता.

एकतीस वर्षं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या. पद मदतनिसाचं, पण दरारा मुख्याध्यापकांच्या वरचा. पांढरा डगला घालून त्या दारात उभ्या राहिल्या की पडदा वर जाताना प्रेक्षागृह गप्प होतं तसा वर्ग गप्प व्हायचा. "केस बांध. बाही दुमड. चष्मा लाव. लाव म्हटलं ना? डोळे काय दुकानात मिळतात?" 'नियमबाई' हे नाव पोरांनी तिथेच ठेवलं, आणि ते जन्मभर चिकटलं.

चष्म्यामागची गोष्ट मात्र त्यांनी पोरांना कधी सांगितली नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. डोळ्यांवर लावायचे चाळीस नवे कोरे चष्मे आले होते. पोरं त्यांना ओरखडे पाडतील म्हणून बाईंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याच आठवड्यात परीक्षानळीतलं आम्ल उडालं आणि एका मुलीचा डावा डोळा गेला. किल्ली बाईंच्या डगल्याच्या खिशात होती. चौकशी झाली, त्यांच्यावर कोणी ठपका ठेवला नाही. चष्मे कपाटात सुरक्षित होते. एकावरही ओरखडा नव्हता.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील तर त्या नियमबाई कसल्या! परदेशातली शाळकरी मुलं दहा महिन्यांसाठी इथल्या घरांत राहायला आणणारी एक संस्था होती. यजमान कुटुंबं निवडायची, त्यांची घरं तपासायची, मुलांना नियम समजावायचे आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाची खुशाली विचारून नोंदवहीत लिहायची, हे काम बाईंनी घेतलं. नियमांची पुस्तिका त्यांना तोंडपाठ झाली. पारपत्र ज्याचं त्याच्याजवळ. झोपायची खोली दार लागणारी. संस्थेचा फोन नंबर आणि पत्ता असलेलं पिवळं कार्ड सदैव खिशात. लेखी परवानगीशिवाय गावाबाहेर जायचं नाही. गेलात तर सामान बांधायचं. या वर्षी त्यांच्याकडे बारा मुलं होती.

त्यांपैकी एक होती सोळा वर्षांची मुलगी. सगळे तिला पाहुणीच म्हणत. पाच महिन्यांपूर्वी आली तेव्हा तिला इथल्या भाषेतले मोजून तीस शब्द येत होते, पण हसायची मात्र अख्खं वाक्य बोलल्यासारखी. आणि हीच पाहुणी रविवारी कोणाला न सांगता बसमध्ये बसून शेजारच्या शहरात गेली. संध्याकाळी तिथल्या बसस्थानकावर एकटी बसलेली सापडली.

मंगळवारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे संस्थेचे इथले प्रमुख, आवाज कायम साखरेत घोळलेला.

"बाई, यजमानांची तक्रार आली आहे. ते शाळेच्या समितीवर आहेत, तुम्हाला माहीत आहेच. परत पाठवणीचं पत्र तयार आहे. तुम्ही जाऊन तिची सही घ्या."

"घेते की," बाई गरजल्या. "पहिल्या दिवशी हात धरून सांगितलं होतं तिला. एकटीनं बसमध्ये बसते म्हणजे काय? उद्या काही झालं असतं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"वहिनी," नणंद आतून म्हणाली, "पोरीला ओरडायच्या आधी पाणी तरी पी. नाहीतर तुझ्यासाठीच रुग्णवाहिका बोलवावी लागेल, आणि तिच्या चालकालाही तू नियम सांगशील."

यजमानांचं घर चढावर होतं, फाटकापासून पुढे अठ्ठावीस पायऱ्या. पाहुणी राहायला आली तेव्हा बाई त्या चढून गेल्या होत्या. खोली पाहिली, दार दोनदा लावून पाहिलं. त्यानंतर गुडघ्याने दगा दिला आणि खुशाली फोनवर विचारणं सुरू झालं. आज रागाच्या भरात त्या एका दमात वर पोचल्या.

यजमानीणबाईंनी हसत दार उघडलं. "या, या! अहो, आम्हालाच किती वाईट वाटतंय. पोटच्या पोरीसारखं ठेवलं हो तिला! पण उपकाराची जाण कुठे असते आजकाल? बसा, तिला बोलावते. ती आमच्या जुळ्यांना भरवते आहे."

जुळ्यांना भरवते आहे. हे शब्द बाईंच्या कानात खड्यासारखे जाऊन बसले. पण राग अजून पाहुणीवर होता. त्यांनी पिशवीतून पत्र काढलं, पत्राखालची नोंदवही काढली आणि वाट बघता बघता पाहुणीचं पान उघडलं. चार महिने, चार नोंदी, अक्षर त्यांचंच. 'मी ठीक आहे. सगळे चांगले आहेत. जेवण आवडतं.' त्याखाली पुन्हा, 'मी ठीक आहे. सगळे चांगले आहेत. जेवण आवडतं.' चारही वेळा तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने.

सोळा वर्षांची पोर चार महिन्यांत भाषा शिकली, शाळेत परीक्षा दिली, आणि फोनवर एक शब्द इकडचा तिकडे नाही?

पाहुणी आली. हाडकली होती. कपड्यावर खिमटाचे डाग. ती बसली नाही. यजमानीणबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवल्यावर बसली.

"कशी आहेस?" बाईंनी विचारलं.

पाहुणीची नजर यजमानीणबाईंकडे गेली. विंगेत उभा असलेला माणूस ओठ हलवून वाक्य पुरवतो ना, तसे यजमानीणबाईंचे ओठ अगदी किंचित हलले.

"मी ठीक आहे. सगळे चांगले आहेत—"

"पुरे," बाई म्हणाल्या. "तुझं पिवळं कार्ड दाखव."

पाहुणी हलली नाही. यजमानीणबाईच लगबगीने उठल्या, स्वतःची पर्स उघडली, आतून कार्ड काढून हसत पुढे केलं. "हे काय! मीच ठेवते जपून. मुलं वस्तू हरवतात हो."

बाईंनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्याला एक घडी नव्हती, एक डाग नव्हता.

"आणि पारपत्र?"

"यांच्या कपाटात. कुलपात. अगदी सुरक्षित!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या एका शब्दाने. त्या उठल्या, गुडघा कळ मारत असताना उठल्या. "हिची खोली दाखवा."

"अहो, ती सध्या सासऱ्यांना दिली आहे. त्यांना उजेड लागतो. ही मजेत झोपते जुळ्यांजवळ..."

जुळ्यांच्या खोलीत दोन पाळणे होते आणि मधल्या जमिनीवर एक गादी. गादीच्या उशाशी शाळेची पुस्तकं आणि दूध पाजायच्या चार बाटल्या.

"पोटच्या पोरीसारखं ठेवलं म्हणालात," बाई हळू म्हणाल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही त्या हळू आवाजाने धडकी भरली असती. "तुमची मोठी मुलगी कुठे झोपते?"

"ती... वरच्या खोलीत."

"दार आहे?"

यजमानीणबाईंचं हसू उतरलं. "तुम्ही कोण हो आमचं घर तपासणाऱ्या? चूक तिने केली. ती पळून गेली. साहेबांशी बोलणं झालंय आमचं."

"मी कोण ते पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर छापलंय. पारपत्र आणा. दहा मिनिटांत नाही मिळालं, तर पोलिसांना घेऊन येते आणि त्यांना आधी ही गादी दाखवते." आणि पाहुणीला म्हणाल्या, "चपला घाल. माझ्याबरोबर बाहेर चल."

अठ्ठावीस पायऱ्या उतरून, फाटकाबाहेर रस्त्याला लागल्यावर बाई पावलं मोजू लागल्या. खिडक्यांतून आवाज पोचणार नाही इतक्या लांब, चाळीस पावलांवर, त्या थांबल्या.

"आता बोल. बसने कुठे निघाली होतीस?"

 पाहुणी एकेक शब्द शोधत म्हणाली, "तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"तुम्ही म्हटलं, अडचण आली तर ऑफिसला ये. कार्ड नाही. फोन त्यांच्याकडे. पत्ता लक्षात नाही. फक्त शहर लक्षात होतं. मी सगळे रस्ते बघितले. ऑफिस सापडलं, पण रविवार. बंद."

"सोमवारी शाळेत का नाही सांगितलंस कोणाला?"

"त्या म्हणाल्या, तू नियम मोडला, आता तुझं कोणी ऐकणार नाही." तिने बाईंकडे पाहिलं. "आणि तुम्ही फोन करत होता तेव्हा स्पीकर चालू असायचा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

बाई रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या. राग गेला नव्हता. त्याने फक्त तोंड फिरवलं होतं. खुशाली समक्ष विचारावी, एकटीला गाठून विचारावी, हा नियम त्यांनीच सर्वांना समजावला होता. आणि मोडला कोणी? गुडघा दुखतो म्हणून, पायऱ्या फार आहेत म्हणून, यजमानीणबाईंच्या फोनवर फोन करून, 'ठीक' लिहून मोकळं झालं कोण? पोरीने तर मोडता मोडताही नियमच पाळला होता. अडचण आली, पोर ऑफिसपर्यंत आली.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"झाली सही?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पोर माझ्या घरी येते आहे. आत्ता."

"बाई, असं परस्पर... समितीचा विचार करा. थोडं समजुतीनं घ्या."

"समजुतीनंच तर घेतलं चार महिने! मी गुडघ्याची समजूत घातली, तुम्ही समितीची घालता. या पोरीची कोणी घातली? पत्र तिच्या घरी पाठवायचंच असेल तर पाठवा, पण सोबत माझ्या नोंदवहीचं पानही जाईल, त्यावर मी जे लिहीन ते आधी वाचून घ्या."

पारपत्र सातव्या मिनिटाला आलं. मोठ्या मुलीच्या हाती पाठवलं होतं. यजमानीणबाई फाटकापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

घरी नणंदेने पाहुणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता माळ्यावरची चादर काढली. "ही माझी खोली घे. मी वहिनीजवळ झोपते. घोरते ती, पण नियमाने घोरते." पाहुणी आत गेली. दार लागलं, मग कडी. मग थोड्या वेळाने कडी उघडली आणि पुन्हा लागली, जणू खरंच लागते का ते तपासून पाहत होती.

बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेली नोंद कधी खोडरबराने पुसायची नसते. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालची चूक वाचता येते, आणि बाजूला सही करायची. त्यांनी चारही नोंदींवर अशा रेघा मारल्या. बाजूला लिहिलं: 'मी एकटीला विचारलं नाही.' चार वेळा लिहिलं, चार सह्या केल्या. साहेबांना पाठवायच्या प्रतीवर 'नियम मोडणाऱ्याचं नाव' असा रकाना होता. तिथे स्वतःचं नाव घातलं, खाली यजमानांचं.

मग पान उलटलं. पुढच्या मुलाच्या पानावरही 'ठीक'. त्याच्या पुढच्याही. 

त्यांनी पहिला नंबर लावला. पलीकडून कुठल्याशा यजमान काकांचा आनंदी आवाज आला.

"त्याला फोन द्या," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही घरातच थांबा." पलीकडे फोन हातातून हातात गेला. "हां बाळा, मी नियमबाई. दाराबाहेर पड. चाळीस पावलं चाल, मोठ्याने मोज. मी ऐकते आहे."