नऊ कागदांची यादी

दिवाळी झाली की सोलापुरात तिबेटी लोक स्वेटरचे गाळे लावतात आणि संक्रांतीच्या सुमाराला निघून जातात. एका वर्षी त्यांतली एक बाई आपल्या भाचीला घेऊन आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आली. तिथं नोंदणीचं टेबल माझं. भाची वीस-एकवीसची. दुखण्यावरच्या गोळ्या रोज पाकीटभर लागायच्या, नाही मिळाल्या तर हात थरथरायचे.

मी नेहमीप्रमाणे छापील यादी दिली. ओळखपत्राची झेरॉक्स, रहिवासी दाखला, सोलापुरातल्या नातेवाइकाची सही, असे नऊ कागद. लोकांना हेलपाटे पडू नयेत म्हणून ती मीच तयार केली होती आणि मला तिचा अभिमान होता.

दहा दिवस दोघींपैकी कुणी फिरकलं नाही. मी वहीत 'कागद बाकी' लिहून मोकळी झाले होते. झाडलोट करणाऱ्या बाईंजवळ विषय काढला, तर म्हणाल्या, "मॅडम, तुमची यादी बघूनच लोकं पळत्यात की."

राग आला. तरी जेवणाच्या सुट्टीत स्वेटरच्या गाळ्यांचं मैदान गाठलं.

भाची गाळ्यामागं गठ्ठ्यावर शाल गुंडाळून पडली होती. मावशी दरवर्षी येऊन कामापुरतं मराठी शिकलेली. तिनं गिऱ्हाईक सोडून मला बाजूला घेतलं. त्यांचं ओळखपत्र म्हणजे तिबेटी निर्वासित म्हणून झालेल्या नोंदणीचं एक पुस्तक, आणि त्याची मुदत पोलिसांकडून वाढवून घ्यावी लागते. गोळ्यांची गोष्ट तिकडं पोचली तर मुदत वाढणार नाही, ही तिची भीती. "आणि ताई, सहीला नातेवाईक कुठला आणू? आमचे सगळे इथं स्वेटरच विकतात," म्हणाली आणि स्वतःच हसली. मग आवाज उतरला. "आठ दिवसांनी आम्ही पुढच्या गावाला जाणार. आत्ता ती हो म्हणते. तिकडं गेल्यावर म्हणणार नाही."

परत येऊन यादी डॉक्टरांपुढं ठेवली. तपासायला यातलं काय लागतं, विचारलं. त्यांनी वाचली आणि मलाच विचारलं, नुसत्या तपासणीला हे सगळं कुणी मागायला सांगितलं? कुणीच नव्हतं सांगितलं. भरती होणाऱ्यांचे नियम मी सोयीसाठी सरसकट सगळ्यांना लावले होते, चार वर्षं. पोलिसांचंही विचारलं. आपण होऊन आपण कुणाला काही कळवत नाही, ते म्हणाले, आणि तसं सहीनिशी लिहून दिलं. गाळे दहाला उघडतात, म्हणून सकाळी साडेआठची वेळ दिली.

संध्याकाळी तो कागद मी मावशीला दोनदा वाचून दाखवला. भाचीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठलाच मी दारात. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. डॉक्टर पेपर वाचत होते, पान मात्र उलटत नव्हते. नऊला पाच कमी असताना रिक्षा थांबली आणि दोघी उतरल्या. मी नाव आणि वय लिहून घेतलं, बाकी काही नाही.

अर्ध्या तासानं भाची बाहेर आली. डोळे लाल, हातात आठवड्याच्या औषधाची चिठ्ठी; औषध रोज सकाळी केंद्रात येऊनच घ्यायचं होतं. पुढच्या गावच्या केंद्रासाठी डॉक्टर पत्र देणार होते. मावशी काही बोलायच्या आत तिनं मला विचारलं, "उद्या पण साडेआठच ना?"

हो म्हटलं. नऊला पाच कमी असले तरी चालेल, हेही सांगितलं.