आठातली तीन अक्षरं

सरांनी माझ्या प्रकल्पाच्या वहीवर लाल शाईत लिहिलं, "छंद नाही. विषय बदला." माझं टाळकंच सटकलं. विषय कुणाचा होता? माझ्या आत्याचा! उरणच्या आमच्या पट्ट्यात तिच्या धवल्यांशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. धवले म्हणजे आमची लग्नातली गाणी. आणि त्यांना म्हणे छंद नाही!

पण सरांचं काय चुकलं होतं? आत्याने तांदूळ निवडता निवडता सांगितलेला धवला मी जसाच्या तसा उतरवला होता. "आली हलद दारान, मांडव डुले." पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत पाच. पुढे आठला कुठे चार, कुठे सहा. काही ताळमेळच नाही. रडकुंडीला आले मी. एम.ए.चं शेवटचं वर्ष, हातात पंधरा दिवस, आणि आत्याला काय तोंड दाखवू?

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू लेकीकडून परतल्या. आत्याची ही जोडीदारीण, हळदीला दोघी मांडीला मांडी लावून बसतात. चहा पिता पिता आत्याने सूर लावला, "आली हलद दारान," आणि काकूंनी शेवटचा शब्द अलगद उचलला, "दारान मांडव डुले!"

मी बोटांवर अक्षरं मोजली. आठ! पुढची जोडी, आठ! जिथे माझ्या वहीत चारच होती, तिथे काकूंनी उचललेला शब्दही चार अक्षरांचा. अगं बाई!

"आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"माजा मी सांगला," आत्या शांतपणे म्हणाली. "तिचा मी कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी दोघींना रिक्षात घालून कॉलेजात नेलं. नऊवारी, गजरे, सगळा थाट. सरांच्या टेबलासमोर दोघींनी पूर्ण धवला म्हटला. सर आधी पाठ टेकून ऐकत होते. मग टेबलावर बोटं हलायला लागली. शेवटी त्यांनी माझी वही ओढली आणि स्वतःच्या हाताने तो लाल शेरा खोडला. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता!

"मानलं आत्या तुम्हाला," सर म्हणाले. "आठाचा छंद, एक अक्षर ढळत नाही."

आत्या लाजली. काकू मात्र पदर सावरून पुढे सरकल्या.

"आठातली तीन माजी हायेत, सायेब. तवढा लिवा!"